सहाव्या मजल्यावरची गच्ची आणि माडाची आरोळी

लिफ्टमनची नोकरी अशी, की माणूस जितक्या वेळा वर जातो तितक्याच वेळा खाली येतो. त्यामुळे या धंद्यात राहून कुणी फार वर पोचला असं ऐकिवात नाही. पण एक मान माझ्या वाट्याला आला, आणि तो आजच्या पोरांना सांगूनही पटत नाही. दुबईत उंच म्हणण्यासारखं काही नव्हतं तेव्हा आमच्या देरा भागातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या गच्चीची किल्ली माझ्या कमरेला लटकत होती.

गेल्या वर्षी मुलीने तिकिटं काढून मला त्या जगातल्या सगळ्यात उंच बिल्डिंगवर नेलं. लिफ्ट सुटली कधी आणि थांबली कधी कळलं नाही. चालवायलाही कुणी नव्हतं, त्याचं मला जरा वाईट वाटलं. वर काचेपाशी नातू ओरडला, "नाना, लुक डाऊन! एव्हरीथिंग इज सो टायनी!" मी खाली पाहिलं. खरंच सगळं इतकं बारीक होतं की काहीच दिसत नव्हतं. मी मुलीला म्हटलं, "छान आहे, पण आमच्या गच्चीवरून माणसं दिसायची." ती म्हणाली, "बाबा, मग लिहा ना एकदा ते." म्हणून हा उद्योग.

गोष्ट साठच्या दशकातली. सात अमिराती अजून एक देश झाल्या नव्हत्या. देऱ्यात घरं एक-दोन मजल्यांची, आणि प्रत्येक घराच्या मधोमध उघडं अंगण. बाहेरून पाहिलं तर नुसत्या भिंती. घरातलं सगळं जगणं त्या अंगणात चालायचं. मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातला. दुबईला येऊन धक्क्यावर पोती उतरवत होतो. त्यात बोलण्यापुरती अरबी आली, पण पाठीचं पार भजं झालं होतं. एक दिवस जहाजातून लाकडी पेट्या उतरल्या. कापडाचे मोठे व्यापारी, ज्यांना आम्ही सगळे नुसतं अरबाब म्हणजे मालक म्हणायचो, ते पेट्यांपाशी उभे होते. त्यांनी खाडीकाठी सहा मजल्यांची इमारत बांधली होती आणि तिच्यासाठी मुंबईच्या कुठल्याशा पाडलेल्या ऑफिसातली जुनी लिफ्ट विकत आणली होती. अरबाबांची अर्धी जवानी मुंबईत गेलेली, त्यामुळे हिंदी फर्मास. त्यांनी हमालांना विचारलं, "इसको चलाना कौन जानता है?"

माझा मामा मुंबईत फोर्टात लिफ्टमन होता आणि तो आजारी पडला की त्याच्या स्टुलावर मी बसायचो. मी हात वर केला. तिथून पुढे पोती सुटली.

जुन्या लिफ्टला बटणं नसत. पितळी हँडल असे. इकडे ओढलं की वर, तिकडे ओढलं की खाली, सोडलं की थांबली. ऐकायला सोपं वाटतं. पण सोडल्याबरोबर ती जागच्या जागी थांबत नाही, थोडी घसरतेच. आत किती माणसं आहेत, ती जाडी आहेत की काटकुळी, यावर ती किती घसरणार ते ठरतं. मजला येण्याआधी नेमकं कधी हँडल सोडायचं हे हाताला कळावं लागतं. नाहीतर माणसं बाहेर पडताना ठेचकाळतात आणि शिव्या लिफ्टला न घालता लिफ्टमनला घालतात. जाळीचं दार नीट ओढलेलं नसलं तर मात्र ती बया काही केल्या हलत नाही. एवढंच या धंद्यातलं शास्त्र.

लिफ्ट बसली आणि दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर अरबाबांनी गच्ची लोकांना खुली केली. फुकट. त्यांना आपली इमारत दाखवायची हौस होती. मग काय, जत्राच लोटली. वाळवंटातून एक बदू आला. त्याने घरात शिरताना काढतात तशा दारात चपला काढल्या आणि लिफ्टमध्ये शिरला. सहाव्या मजल्यावर दार उघडल्यावर खाली बघतो तर चपला नाहीत! "मी इथेच काढल्या होत्या," असं तो मला शपथेवर सांगू लागला. शेवटी खाली नेऊन दाखवल्या तेव्हा त्याला लिफ्टपेक्षा चपलांचाच जास्त अचंबा वाटला. एक म्हातारा मोती काढणारा पाणबुड्या यायचा. खाली येताना लिफ्ट सुटली की तो सवयीने नाक चिमटीत धरायचा, तळमजला आला की सोडायचा आणि हसायचा.

आपली कोकणची मंडळी आली की पहिला प्रश्न ठरलेला. "दाऊद, रत्नागिरी कुठल्या बाजूला रे?" आता खरं पाहिलं तर रत्नागिरी पडते वाळवंटाच्या बाजूला. पण सगळे आलेले समुद्रातून, आणि बघायचे ते समुद्राकडेच. तिकडे बघून कुणी दुवा मागे, कुणी डोळे पुशी. मी त्यांना कधी वळवलं नाही.

असं सगळं मजेत चाललेलं असताना उम्म सालेमने तोफ डागली. उम्म सालेम म्हणजे सालेमची आई. इमारतीला लागूनच्या गल्लीत तिचं घर. नवरा मोती काढणाऱ्या बोटीवर होता, तो वारून बरीच वर्षं झाली होती. घरात सुना, लेकी, नाती. तिने अरबाबांना निरोप धाडला. "तुझ्या इमारतीवरून परके पुरुष आमच्या अंगणात बघतात. शुक्रवारी माझ्या सुनांना केस धुता येत नाहीत, अंगणात बसता येत नाही. माझ्या घराच्या भिंती तू न पाडता पाडल्यास."

अरबाब हबकले. गल्लीत उम्म सालेमच्या शब्दाला मोठी किंमत होती. त्यांनी मला बोलावलं. "दाऊद, खलास. महिने के आखिर से ऊपर का दरवाजा बंद."

"और मैं, अरबाब?"

"तू क्या करेगा अब? भाडेकरू तो चार हैं, हँडल सीख लेंगे. तू वापस धक्के पर जा. इन्शाल्ला काम मिलेगा."

पाठीला अजून पोत्यांचं ओझं आठवत होतं. रात्रभर तळमळलो, आणि सकाळी दात घासताना मला आमच्या गावचा सखाराम आठवला.

सखाराम आमच्याकडे नारळ पाडायचा. कोकणात घरामागे परसात माडाच्या झापांचा आडोसा करून बायकांची न्हाणी असते, आणि त्या न्हाणीला वर छप्पर नसतं. माडावर चढलेल्या माणसाला गावातल्या सगळ्या न्हाण्या दिसणार. म्हणून चढण्याआधी आरोळी द्यायची रीत. सखाराम ओरडायचा, "माडावर होऽऽ!" की बायका सावध व्हायच्या. सगळ्या गावाची अब्रू त्या एका आरोळीवर सांभाळली जायची.

मी धावत जाऊन अरबाबांना ही रीत सांगितली. ते पोट धरून हसले. "हिंदुस्थान में झाड पर चढने से पहले चिल्लाते हैं?" पण गच्ची बंद करणं त्यांच्याही जिवावर आलं होतंच. म्हणाले, "एक जुमा देखेंगे."

शुक्रवार आला. मी मोठ्या ऐटीत एकटा गच्चीवर गेलो, कठड्याशी उभा राहिलो, तोंडाभोवती हात धरले आणि बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली. "माडावर होऽऽ!"

आता वरून कुणी बोंब मारली तर खालचा माणूस काय करणार? वर बघणार. गल्लीतल्या सगळ्या अंगणांतल्या सगळ्या बायकांनी एकदम वर पाहिलं, आणि त्या सगळ्यांना कठड्यावर ओणवा होऊन खाली बघणारा मी दिसलो. असा कल्ला झाला की धक्क्यावरचे लोक काम टाकून धावत आले. उम्म सालेमच्या अंगणातून एक चप्पल उडाली. सहा मजले काही चढली नाही ती, पण तिचा रोख मला कळला.

माझा खोलीतला जोडीदार शौकत संध्याकाळी म्हणाला, "अरे शहाण्या, सखाराम आरोळी देतो ती माडाच्या बुंध्याशी उभा राहून. तू शेंड्यावर जाऊन दिलीस!" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मला मात्र धक्का दिसत होता.

दुसऱ्या दिवशी अरबाबांनी उम्म सालेमला आरोळीची रीत कळवून माफी मागितली आणि बाजारातून भलं मोठं कुलूप आणलं. पण ते लावायच्या आत उम्म सालेमचा दुसरा निरोप आला. "वरून नक्की काय दिसतं ते मी स्वतः बघणार. मग बोलेन."

मंगळवारी सकाळी ती आली. काळा पायघोळ अबाया, कपाळ आणि नाक झाकणारा कडक चकचकीत बुरखा, आणि बुरख्याच्या फटीतून माझ्याकडे बघणारे दोन डोळे. मागे लेकी-सुनांचा ताफा. मी लिफ्टचं दार उघडून अदबीने बाजूला झालो. त्या सगळ्या आत शिरल्या आणि उम्म सालेमने दारात हात आडवा धरला.

"तू नाही."

"पण चालवणार कोण?"

"मी. सांग कसं ते."

परक्या पुरुषाबरोबर त्या बंद पेटीत जायचं नव्हतं, हे बरोबरच होतं. मी जाळीबाहेरून हँडल समजावलं. तिने मान डोलावली, हँडल धरलं, आणि लिफ्ट सुसाट वर गेली. आतून आधी किंकाळ्या आल्या, मग हसणं आलं, मग चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे सगळं गप्प झालं. लिफ्ट थांबली होती. कुणीतरी घाबरून आतलं दार सरकवलं असणार.

मी खालून ओरडलो, "दार लावा!" वरून सात-आठ जणी एकदम बोलल्या. कुणाचं काय, काही कळेना. मी अरबाबांच्या दुकानात धाव घेतली. लिफ्ट अशी अडकली की गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत जावं लागतं. वीज बंद करायची, एकाने ब्रेकचा दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने मोठं चाक हाताने फिरवायचं. दोन माणसं लागतातच. दुसरा माणूस म्हणून अरबाबांशिवाय कुणी नव्हतं. ते सहा मजले जिना चढले तेव्हा त्यांचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता. त्यांनी दांडा धरला, मी चाक फिरवू लागलो. एकेक वीत लिफ्ट वर सरकू लागली. खालून आवाज आला, "चालली, चालली!" मला घाम फुटला होता आणि देव आठवत होता. चाकाच्या कितीतरी फेऱ्यांनंतर लिफ्ट सहाव्याला टेकली, जाळी उघडल्याचा आवाज आला आणि मी भिंतीला टेकलो.

आणि तेवढ्यात आमच्या लक्षात आलं, की त्या बायका शेवटचा जिना चढून गच्चीवर येतायत, आणि आम्ही दोघं गच्चीवरच्या खोलीत आहोत. अरबाबांनी पत्र्याचं दार आतून ओढून घेतलं. बाहेर बायका, आत आम्ही, मधे तापलेला पत्रा. खोकायचीही सोय नव्हती.

बाहेर बोलणं सुरू झालं. "ते आपलं अंगण. बघ, शेळी दिसतेय." "ते मरियमचं." "आणि तो मोठा चौक कुणाचा?" "अरबाबचा गं. ती केस मोकळे सोडून विहिरीपाशी बसलीय ती त्याची धाकटी सून. आणि त्याची बायको आचाऱ्याला बडवतेय."

अरबाबांनी डोळे मिटले. त्यांनी आजवर गच्चीवरून फक्त खाडीकडे पाहिलं होतं, आपल्या जहाजांकडे. आपलं घरही इथून दिसतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते माझ्या कानाशी कुजबुजले, "खलास, दाऊद. आज ही ताला." त्यांचा आवाज असा होता की आता वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मनातल्या मनात पोतं पाठीवर घेतलं.

मग उम्म सालेमचा आवाज आला. मघाचा हुकमी आवाज नव्हता तो.

"ते खाडीचं तोंड. तिथून त्यांच्या बोटी जायच्या, उन्हाळ्यात. आम्ही काठावर उभ्या राहायचो. चार लाटा गेल्या की बोट दिसेनाशी व्हायची. इथून किती लांबवर दिसली असती."

आत अरबाबांनी मान खाली घातली. त्यांचे वडीलही त्याच बोटींवर जायचे, हे मला नंतर कळलं. आणि त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं की आम्ही दोन पुरुष दाराआड लपून बायकांचं बोलणं ऐकतोय. सखाराम असता तर त्याने काय केलं असतं? मी डोळे मिटले आणि आतूनच ओरडलो, "माडावर होऽऽ!"

बाहेर कुणीतरी किंचाळली. मग उम्म सालेम, "कोण आहे?"

"मी. दाऊद, लिफ्टमन. तुमची लिफ्ट वर काढायला आलो होतो, अडकलो."

"एकटाच आहेस?"

मी अरबाबांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. पण आता खोटं कसं बोलणार?

"अरबाबपण आहेत."

हसण्याचा असा फवारा उडाला की पत्रा थरथरला. अरबाब आधी ओशाळले आणि मग तेही खुदखुदू लागले. हसू ओसरल्यावर उम्म सालेम दाराजवळ आली. पुढचं सगळं बोलणं त्या पत्र्यातून झालं.

"दाऊद, तुझ्या मुलखात तो झाडावर चढणारा आरोळी कुठून देतो?"

"खालून, मावशी. चूक झाली."

"आरोळी दिली की लगेच चढतो?"

आणि तेव्हा मला उमजलं की मी रीत अर्धीच आणली होती. "नाही. थांबतो. घरातली बाई आतून उत्तर देते, मग चढतो. उत्तर आलं नाही तर नाही चढत."

"काय उत्तर देते?"

"माझी आई म्हणते, चढ रे."

तिने तो शब्द एकदा तोंडात घोळवला. मागच्या मुली फिस्सकन हसल्या. मग ती म्हणाली, "ऐक, अरबाब. मंगळवारी गच्ची बायकांची, पुरुष कुणी नाही. जुम्म्याला पुरुषांची, पण दाऊद गल्लीत उभा राहून आरोळी देईल. आम्ही आत जाऊ आणि मग मी उत्तर देईन. मी उत्तर दिलं नाही तर त्या दिवशी कुणी वर जाणार नाही. कबूल?"

अरबाबांच्या तोंडून पत्र्याआडून एकच शब्द निघाला. "कबूल." पण खाली उतरताना ते मला म्हणाले, "वो जवाब नहीं देगी, दाऊद. देख लेना. इज्जत की बात है." त्यांनी ते कुलूप दुकानातून काढून आपल्याजवळ ठेवलं.

त्या शुक्रवारी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मंगळवारची हकिकत सगळीकडे पसरली होती, आणि गच्चीपेक्षा आरोळी ऐकायलाच लोक जास्त आले होते. शौकतही धक्क्यावरची पाळी बदलून आला होता. अरबाब दुकानाच्या पायरीवर हातात कुलूप धरून उभे. मी उम्म सालेमच्या भिंतीजवळ गेलो. मान खाली घातली, जमिनीकडे बघत आरोळी दिली.

"माडावर होऽऽ!"

भिंतीपलीकडे पावलं वाजली. अंगणातली लगबग ऐकू आली, एक दार लागलं, मग दुसरं. मग काहीच नाही. मागून एक बदू घाई करत म्हणाला, "यल्ला, यल्ला!" शौकतने त्याला दटावलं. मी वाट बघत राहिलो. आमच्याकडे दुसऱ्यांदा आरोळी द्यायची नसते. उत्तर येईल तर येईल. अरबाबांनी कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. मला वाटलं, संपलं. एवढ्या म्हाताऱ्या बाईने, या सगळ्या पुरुषांच्या कानावर आपला आवाज का पडू द्यावा?

आणि मग त्या उंच मातीच्या भिंतीपलीकडून, अरबी घशातून, थोडासा वाकडा पण अगदी खणखणीत, माझ्या आईचा शब्द आला.

"चढ रेऽऽ!"